निवाऱ्यातला प्रवासी

आमच्या घरमालकांबरोबर रस्त्यानं चालायची मला लाज वाटायची. ही गत माझ्या एकट्याची नव्हती. त्यांच्या बायकोला वाटायची, जावयाला वाटायची, आणि बदलापूर गावातल्या ज्या गल्लीत ते राहायचे त्या गल्लीलाही वाटत असावी, कारण ते कोपऱ्यावर दिसले की भल्याभल्यांना एकाएकी दुसरीकडची कामं आठवायची. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, शिवीगाळ नाही. फक्त त्यांच्या खिशात पांढरे रुमाल असायचे आणि सगळी भानगड त्या रुमालांची होती.

आम्ही दोघं स्टेशनकडे निघालो आहोत, वाटेत एखादी टमटम, म्हणजे ती सहा माणसांची डिझेल रिक्षा, इंजिन चालू ठेवून पॅसेंजरसाठी उभी आहे, असं दिसलं की मी भरभर पाय उचलायला लागायचो. “एक मिनिट हं, ओव्हरसियर,” असं म्हणून ते टमटमच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे आणि घडी केलेला रुमाल सायलेन्सरसमोर धरायचे. मग उठून, गुडघे झटकून, ड्रायव्हरपाशी जायचे आणि काळा डाग पडलेला रुमाल त्याच्यासमोर उलगडायचे.

“हे घे. तुझंच आहे.”

“काका, धंद्याच्या टायमाला खालीपिली मगजमारी नको ना.”

“मगजमारी कसली? घरी ने. पोरांना दाखव.”

“पोरांना काय दाखवू?”

“बाप दिवसभर गावाला काय वाटतो ते. थोडी लाज वाटू दे.”

‘थोडी लाज वाटू दे’ हे त्यांचं पालुपद होतं. ते रिक्षावाल्याला म्हणायचे, नगरसेवकाला म्हणायचे, गल्लीत कचरा पेटवणाऱ्या म्हातारीला म्हणायचे. एकदा तर भर बाजारात बंद पडून धूर सोडणाऱ्या एका ट्रकला म्हणाले, कारण ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. अशा वेळी मी दुकानांच्या पाट्या वाचायचो. त्या काळात स्टेशन रोडवरच्या सगळ्या पाट्या मला पाठ झाल्या होत्या.

या रुमालांमागे कारण होतं, पण ते कळायला मला बरेच दिवस लागले. त्यांची सगळी नोकरी अंबरनाथला एका रंगाच्या कंपनीत झाली होती, आणि तिथं त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. नाक जागेवर होतं, वास गेला होता. काकूंची डाळ लागून घरभर धूर व्हायचा आणि हे चुलीशेजारच्या खुर्चीत निवांत पेपर वाचत असायचे. “सगळ्यांना धुराचा वास येतो, मला येत नाही. म्हणून मला बघून घ्यावं लागतं,” असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी त्यांचे बनियन भिजवले की पाणी गुलाबी व्हायचं. काकू ते बादलीत वेगळे भिजवायच्या आणि इतर भाडेकरूंच्या बायकांना बजावायच्या, “यांच्या कपड्यांजवळ तुमचे कपडे आणू नका गं, लाल होतील.”

रुमाल ते डझनावारी घ्यायचे, उल्हासनगरला. मी उल्हासनगरच्या कॅम्पात वाढलेला, त्यामुळे घासाघीस करायला मला बरोबर न्यायचे. दुकानदार सिंधी होता. त्यानं पहिल्या वेळी विचारलं, “साईं, इतने रुमाल? जुकाम हुआ है क्या?”

“मुझे नहीं,” काका म्हणाले, “रोड को हुआ है.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यानं आपणहून भाव कमी केला. घरात असं माणूस असलेल्यांविषयी दुकानदारांना कणव असते.

आता एवढी लाज वाटत होती तर मी त्यांच्या घरी राहिलोच कशाला, असं कुणी विचारील. मी तेव्हा एका मंडळात ओव्हरसियर होतो. मंडळाचं नाव सांगत नाही, आता ते मंडळही राहिलेलं नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली वाहतूक सुधारावी म्हणून ते काढलं होतं, आणि माझं काम निघालं बदलापूरला. गावात खोली शोधत होतो. दोन-तीन ठिकाणी बोलणी छान सुरू झाली. आधी नाव, मग आडनाव, मग मूळ गाव, आणि मग ती खोली नेमकी घरमालकाच्या भाच्याला कालच कबूल केलेली निघायची. माझ्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. हे संभाषण आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ होतं, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दाखवलं नाही.

या गृहस्थांनी दारातच विचारलं, “गाडी आहे का?”

“नाही. सायकल आहे.”

“मग या आत.”

पुढचा प्रश्न येण्याआधीच उरकून टाकावं म्हणून मी आपणहून आडनाव सांगितलं. ते म्हणाले, “ते राहू द्या हो. गाडी घेणार आहात का पुढेमागे?” मी नाही म्हटलं आणि मला खोली मिळाली. त्यामुळे पुढं त्यांची कितीही लाज वाटली तरी त्यांना सोडून जाणं मला कधी जमलं नाही.

गाडीचं त्यांना फारच वावडं. आमच्या गल्लीत इंजिन चालू ठेवून यायचं नाही, हा त्यांचा कायदा होता आणि तो ते स्वतः कोपऱ्यावर उभे राहून पाळायला लावायचे. दूधवाला स्कूटर ढकलत यायचा. गॅसवाला टेम्पो बाहेर उभा करून सिलिंडर खांद्यावर आणायचा आणि गल्लीच्या नावानं बोटं मोडायचा. त्यांच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट तर गावात अजून सांगतात. नवरदेवाची फुलं लावलेली जीप गल्लीच्या तोंडाशी आली. हे फेटा बांधून समोर उभे. हात जोडून म्हणाले, “जावईबापू, तुमच्या पाया पडतो, पण इंजिन तेवढं बंद करा.” वरपक्ष रुसला. मध्यस्थ आले, मामा आले, बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. शेवटी नवरदेवाच्या भावांनी जीप ढकलत मांडवापर्यंत आणली, पुढं बँड वाजतोय, मागं सूट घातलेली माणसं घामाघूम होऊन जीप ढकलताहेत. काकू मला एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “पाठवणीच्या वेळी मी फार रडले म्हणतात लोक. मी लेक चालली म्हणून रडत नव्हते. शरमेनं रडत होते.”

आणि अशा या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: गावातून बस सुरू व्हावी. एक बस आली की चार टमटम कमी होतील, असं त्यांचं म्हणणं. बारवी धरणाकडच्या वाड्यांमधून बायका गवताचे, लाकडांचे भारे घेऊन डोंगर उतरून यायच्या. त्यांना भाऱ्यासकट टमटमवाले घ्यायचे नाहीत, त्या तशाच उन्हातून स्टेशनपर्यंत चालायच्या. त्यांच्याकडे बोट दाखवून काका म्हणायचे, “यांच्यासाठी तरी बस पाहिजे हो. आपण काय, चालू.” बससाठी त्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते विचारू नका. सगळीकडे त्यांना चहा मिळाला.

मग एका वर्षी आमच्या मंडळाला सरकारी अनुदान मिळालं. धूर आणि गर्दी कमी करण्यासाठीच मिळालं. छोट्या बसगाड्या घ्यायच्या, एका अंगाला कात्रप, मध्ये स्टेशन, मग बदलापूर गाव आणि शेवट बारवीच्या रस्त्यावर, अशा फिरवायच्या. आदेश वाचून मला खरंच आनंद झाला. संध्याकाळी काकांना सांगितलं, तर ते उठून उभे राहिले आणि आपल्या खुर्चीवर मला बसवलं. त्या खुर्चीत जावयालाही बसता येत नसे.

पण अनुदान दोन भागांत होतं. एक भाग बांधकामाचा, दुसरा गाड्या घेण्याचा. बांधकामाचा पैसा आधी आला आणि तो मार्चअखेर संपवायचा होता, नाहीतर परत गेला असता. गाड्यांना वरची मंजुरी लागणार होती. सरकारी नोकरी केलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. मार्च महिन्यात काय हवंय असं कुणी विचारत नाही, एकतीस तारखेच्या आत काय संपवता येईल एवढंच विचारतात. आणि सिमेंट संपवता येतं. तेव्हा बस येण्याआधी आम्ही बसथांबे बांधले. सगळ्या रस्त्याला बांधले.

बांधले मात्र झकास, हे मला सांगितलंच पाहिजे. गावातला थांबा मी जातीनं करून घेतला. स्लॅबवर गोणपाटं टाकून रोज पाणी मारलं. बसायला मोझॅइकचा बाक, खांबांना हिरवा ऑइलपेंट, वर त्याच रंगात ठसठशीत अक्षरांत ‘प्रवासी निवारा’, आणि त्याखाली ज्यांची नावं असतात त्यांची नावं. मला त्याचा अभिमान वाटत होता. येता-जाता मी खांबावर थाप मारून बघायचो.

उद्घाटनाला पाहुणे मोटारींच्या ताफ्यातून आले. ड्रायव्हर लोकांनी इंजिनं चालूच ठेवली होती. नारळ फुटत होता तेव्हा आमचे काका त्या मोटारींच्या मागून, एकेका सायलेन्सरपाशी बसत-उठत चालले होते, आणि मी मीच बांधलेल्या खांबामागे लपलो होतो. फीत कापून झाल्यावर काका मुख्य पाहुण्यांसमोर गेले. मला वाटलं, आता रुमाल निघणार. पण त्यांनी फक्त विचारलं, “साहेब, बस कधी?”

“येणार, येणार. लवकरच.”

वर्ष गेलं. गाड्यांची फाइल वरून परत आली, शेऱ्यासकट: या मार्गावर प्रवासी आहेत काय? आमच्या साहेबांनी एका दुपारी मला जीपमध्ये घेतलं आणि सगळे थांबे पाहिले. एका थांब्यात बकरी बसली होती. एकात न्हाव्यानं आरसा टांगून दुकान मांडलं होतं. बाकीचे रिकामे.

“बघा,” साहेब म्हणाले, “थांब्यावर माणूस नाही. बस कोणासाठी घ्यायची?”

“साहेब, बस नाही म्हणून माणूस नाही.”

“ते मला कळतं हो. फाइलला कसं कळणार?”

मी हे संध्याकाळी काकांना सांगितलं. हसायची गोष्ट म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. “म्हणजे थांब्यावर माणूस पाहिजे,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून ऑफिसला निघालो तर हे निवाऱ्यात बाकावर बसलेले. कंपनीत असताना घालायचे तसे इस्त्रीचे कपडे, मांडीवर पिशवी, बाजूला छत्री आणि समोर पेपर.

मग हा रोजचा नेम झाला. सकाळी यायचे, दुपारच्या जेवणापर्यंत बसायचे. कुणी चेष्टेनं विचारलं, “काय काका, बस येणार का?” तर पेपरातून मान वर न करता म्हणायचे, “येईल. बसा.” कुणीही विचारो, हेच उत्तर, ह्याच आवाजात. शाळेची पोरं लांबून ओरडायची, “काका, बस आली!” हे उठायचे, विजार झटकायचे, पिशवी उचलायचे, रस्त्याकडे नीट बघायचे आणि परत बसायचे. चेष्टा पोरं त्यांची करत होती की ते पोरांची, हे मला कधी कळलं नाही. सुरुवातीला दोन-चार निवृत्त मंडळी त्यांच्याबरोबर बसली. मग ऊन वाढलं आणि ती गळाली.

“तुमच्या साहेबांना आणा आता,” काका मला म्हणाले. “म्हणावं, थांब्यावर माणूस आहे.”

साहेब आले. जीपमधूनच पाहिलं. मला म्हणाले, “हा तुमचा घरमालक ना?”

“हो.”

“म्हणजे एक माणूस. आणि तोसुद्धा ओळखीतला.” जीप पुढं गेली. काकांनी आमच्याकडे बघून हात वर केला होता. मी परत हात केला नाही.

त्यानंतर मी ऑफिसला मागच्या बांधावरून जायला लागलो. चिखलशेणातून सायकल खांद्यावर घ्यावी लागायची, पण निवाऱ्यासमोरून जाण्यापेक्षा ते बरं वाटायचं. मी बांधलेला थांबा, माझ्या मंडळाची न येणारी बस, आणि तिची वाट बघत बसलेला माझा घरमालक. काकू माझ्यामागे लागायच्या, “यांना घरी बोलवा हो, तुमचं ऐकतील. लोक हसतात. माहेरच्या लग्नाला जायची सोय राहिली नाही मला.” मी हो म्हणायचो आणि बांधावरून जायचो.

पुढची गोष्ट उन्हाळ्यातली. सुट्टीचा दिवस होता. जेवायची वेळ टळली तरी काका आले नाहीत म्हणून काकूंनी डबा देऊन मला पाठवलं. निवाऱ्यात मला ते एकटे दिसले नाहीत. एक वयस्कर बाई होती आणि खांबाला पाठ टेकून बसलेली एक पोर. पोर म्हणजे अगदीच कोवळी, पण पोट पुढं आलेलं, डोळे मिटलेले, ओठ दाताखाली. मला बघताच बाई उठली.

“दादा, मोटार कवा येल?”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली केला, आणि त्या दोघींकडे बघितलं. मला आजही ठाम सांगता येईल, ते त्यांच्याकडे तेव्हा पहिल्यांदा बघत होते.

आधीचं सगळं नंतर जुळलं. त्या बारवीकडच्या एका वाडीवरच्या मायलेकी. मुलीला पहाटेपासून कळा येत होत्या. वाडीवर वाहन येत नाही, म्हणून आई तिला धरून धरून डोंगर उतरून आली होती. दवाखान्यात जायचं होतं. रस्त्याला लागल्यावर तिला नवा कोरा निवारा दिसला आणि त्यात इस्त्रीचे कपडे घातलेला, पिशवी घेतलेला, शिकलेला माणूस बसची वाट बघत बसलेला दिसला. तिनं विचारलं, “बाबा, मोटार येल का?” आणि काकांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, “येईल. बसा.”

ती बसली. मधल्या वेळात टमटम जात होत्या. एकानं हाळीही दिली, “स्टेशन, स्टेशन!” तर बाईनं हात हलवून सांगितलं, “नाय, आमी मोटारीनं जानार.” ड्रायव्हर हसला आणि निघून गेला. ते हसणं काकांनी ऐकलं होतं. पण तसलं हसणं ते रोजच ऐकायचे.

काकांचा चेहरा असा झालेला मी आधी पाहिला नव्हता, पुढंही पाहिला नाही. ते धावत रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. जी टमटम थांबली तिचा ड्रायव्हर नेमका तोच, रोज सकाळी ज्याला रुमाल मिळायचा तो. तो तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं निवाऱ्याकडे पाहिलं. “चला, उतरा, उतरा सगळे, पेशंट आहे,” असं म्हणून त्यानं भरलेली गाडी रिकामी केली. पैशाचं कुणी बोललं नाही. काका मुलीच्या पायाशी खाली बसले. मी सायकलनं मागून निघालो.

जवळच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि उल्हासनगरला न्यायला सांगितलं. अंबरनाथच्या अलीकडे कारखान्यांच्या ट्रकांची रांग लागली होती. पुढं हलायला जागा नाही, मागं फिरायला जागा नाही, सगळी इंजिनं चालू. टमटम त्या धुरात अडकून पडली आणि मी सायकलवरून तिला गाठलं. आत मुलीची आई तिला पदरानं वारा घालत होती. काका उतरून एकेका ट्रकच्या दारावर हात आपटत होते, “सरका हो, बाजूला सरका,” पण सरकणार कोण आणि कुठं.

मुलगी वाचली. मूल गेलं. उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले, कदाचित आधीच गेलेलं असेल. काका त्यांच्या मागे मागे जात होते. “नक्की आधीच ना? सकाळीच ना?” डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, “काका, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

त्यानंतर काका घरात बसले. रुमाल नाही, कोपऱ्यावर उभं राहणं नाही. एकदा एक पोरगा फटफटी फटफटवत थेट आमच्या दारापर्यंत आला आणि काकांनी मान वर केली नाही. इतके दिवस ज्यांनी त्यांना घरात आणा म्हणून माझ्यामागे लकडा लावला होता, त्या काकूंनाच त्यांच्या घरात बसण्याची भीती वाटू लागली. “काहीतरी बोला हो यांच्याशी,” त्या म्हणायच्या.

मी बोललो. म्हटलं, काका, तुमची ती चेष्टा होती, सगळ्या गावाला माहीत होतं.

“तिला कुठं माहीत होतं?” ते म्हणाले. “ओव्हरसियर, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही हो. रुमालावरचा डाग मी उजेडात धरून बघायचो. आणि माणूस शेजारी कण्हत होतं, तर पेपरात डोकं घालून ‘येईल’ म्हणालो.”

तिथं बस येते असं लिहून मीच ठेवलं होतं, हिरव्या ऑइलपेंटमध्ये. त्यांच्यापुढं बसायचीसुद्धा मला लाज वाटली.

त्यांनी एकच धरून ठेवलं: त्या बाईला भेटायचं आणि खरं काय ते सांगून माफी मागायची. पण वाडीचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं. ते बारवीच्या रस्त्यानं पायी दोन-तीन वाड्यांवर जाऊन आले. पांढऱ्या कपड्यातला शहरी माणूस मेलेल्या मुलाची चौकशी करतोय म्हटल्यावर कोण सांगणार? लोकांनी आम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगितलं.

मग ते पुन्हा निवाऱ्यावर जाऊ लागले. पण आता आत बसायचे नाहीत. बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहायचे आणि कुणी सावलीला वळलं तरी हात जोडून सांगायचे, “बस येत नाही हो इथं. रिक्षा करा.” लोक आधी त्यांना बस येईल म्हणून हसायचे, आता येत नाही म्हणून हसायला लागले. टमटमवाल्यांना मात्र धंदा होत होता, ते हसत नव्हते. मीही बांधावरून जाणं सोडलं. सकाळी पाच-दहा मिनिटं सायकल लावून त्यांच्याबरोबर उभा राहायचो.

म्हणून ती बाई आली तेव्हा मी तिथं होतो. करवंदांचा हंगाम होता. डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन ती एकटीच वाडीकडून येत होती, स्टेशनवर विकायला निघालेली. तिनंच काकांना आधी ओळखलं.

“बाबा, तुमी?” ती म्हणाली. “तवा लई धावपळ केलीत तुमी आमच्यासाठी.”

काकांनी हात जोडले. इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं ते आता सांगणार होते. तेवढ्यात तीच बोलली.

“आमचंच चुकलं, बाबा. रिक्षात पोरीला लई हिसके बसले. वाईच दम धरला असता तर मागून मोटार आली असती, सुखानं गेलो असतो. पन पोरीला दम कुठला.”

“नाही हो, बाई,” काका म्हणाले. “बस नव्हतीच. बस येतच नाही इथं. कधीच आलेली नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आपलं दुःख हलकं व्हावं म्हणून म्हातारा काहीतरी बोलतोय, असं तिला वाटलं असावं, कारण ती त्यांना समजावल्यासारखी हसली. मग तिनं माझ्या निवाऱ्याकडे पाहिलं, स्लॅबकडे, खांबांकडे, मोझॅइकच्या बाकाकडे.

“असं कसं, बाबा? सरकारनं येवढं पक्कं बांधलंय. मोटार नसती तर कोन कशाला बांधील?”

काका माझ्याकडे वळले. “हे सरकारचे आहेत. यांनीच बांधलाय. सांगा हो तुम्ही तरी.”

“येत नाही, मावशी,” मी म्हणालो. “खरंच येत नाही.”

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग डोक्यावरची पाटी उतरवून बाकावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि पाटीशेजारी बसली.

“आज मला घाई नाय, बाबा,” ती म्हणाली. “आज येल तवर थांबते.”